पहिले तीन पाहुणे



या सदराच्या जुन्या वाचकांना आमचं हर्णैजवळचं घर ठाऊक आहे. जांभ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं, पुढे पडवी आणि मागे नारळ-सुपारीची वाडी. मरहूम अब्बांनी कुवेतच्या कमाईतून ते वाढवलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने त्याची अर्धी कौलं उडवली, ती आम्ही कशीबशी पुन्हा चढवली. पुढे अम्मी गेल्या आणि घराला कुलूप लागलं. मोठे भाईजान कुवेतला, धाकटा दोह्याला, मोठी आपा मुंब्र्याला, छोटी महाडला आणि आम्ही दोघं दापोलीत. ईदला चार दिवस घर उघडायचं, वाळवीची माती झाडायची, पुन्हा कुलूप. किनाऱ्यावरच्या कुठल्याही मोहल्ल्यात फिरा, अशी कुलपं ओळीने दिसतील.

मागच्या पावसाळ्यात, नोकरी संपल्यावर, आम्ही दापोलीचं भाड्याचं बिऱ्हाड मोडलं आणि तिथेच राहायला गेलो. घर दोघांना फार मोठं. म्हणून वाडीकडच्या दोन खोल्या पर्यटकांना दोन-चार दिवसांसाठी द्यायच्या असं ठरलं. हे कळल्यापासून ओळखीतल्या तीन-चार घरांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला आहे: खोल्या तयार आहेत, इंटरनेटवर जाहिरातही टाकली, पण पहिलं बुकिंग येत नाही, काय करावं? आमचंही असंच झालं होतं. ते कसं झालं आणि कसं सुटलं, तेवढंच या महिन्यात लिहितो आहोत.

जाहिरातीच्या आधी एक काम होतं आणि ते सगळ्यांत अवघड गेलं. घरपट्टीच्या उताऱ्यावर अजून अब्बांचंच नाव आहे. घर तीन भावांचं आणि दोन बहिणींचं. शरियतप्रमाणे बहिणीचा वाटा भावाच्या निम्मा, म्हणजे घराचे आठ हिस्से: प्रत्येक भावाचे दोन, प्रत्येक बहिणीचा एक. आपल्याकडे बहिणींनी हिस्सा 'सोडून द्यायची' रीतच पडली आहे, आणि माहेर तुटेल या भीतीने त्या बिचाऱ्या बोलत नाहीत. आम्हीही आजवर हा विषय काढला नव्हता, हे कबूल करतो. घर फक्त ईदला उघडत होतं तोवर ते झाकून गेलं. आता त्यातून पैसा येणार होता. पाचही भावंडांचा व्हिडिओ कॉल लावला. खर्च आणि आमच्या मेहनतीचा ठरलेला मोबदला वजा जाता जे उरेल त्याचे आठ भाग करायचे, असं ठरलं. मोठी आपा म्हणाली, "मला नको रे, तुम्हीच ठेवा." आम्ही म्हटलं, "आपा, आधी हातात तर घे. मग हवं तर परत दे." सगळ्यांची संमती कागदावर घेतली. ग्रामपंचायतीत आणि राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीसाठी गेलो तेव्हा तोच कागद कामाला आला. ज्या घरात हे बोलणं झालेलं नाही, त्यांनी ते पहिल्या बुकिंगच्या आधी उरकावं. पैसा हातात आल्यावर तेच बोलणं भांडणासारखं ऐकू येतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात घर एअरबीएनबीवर टाकलं. तीन आठवडे काहीच नाही. रात्री उठून फोन पाहायचा, पुन्हा झोपायचं. आपल्या घरात काही ऐब आहे आणि तो परक्या माणसांना लांबून दिसतो आहे, असं वाटायला लागलं होतं.

खरं तर ऐब जाहिरातीत होता. फोटो आम्ही भर पावसात काढलेले, काळोखे, सगळे मिळून सहा. पहिला फोटो बैठकीच्या खोलीतल्या सोफ्याचा, ज्यावर अम्मींनी विणलेली जाळीची कव्हरं आहेत. आम्हाला ती पाहून भरून येतं, पण पुण्यातल्या माणसाला त्यात काय दिसणार? नाव दिलं होतं 'शांत, निवांत घर'. निवांत घरं कोकणात हजारो आहेत. कॅलेंडरवर दिवाळीचे दिवस आम्ही पाहुण्यारावळ्यांसाठी अडवून ठेवले होते, शुक्रवारही बंद. वर अट, की किमान दोन रात्री राहायलाच हवं, कारण एका रात्रीसाठी चादरी धुणं जिवावर आलं होतं. अशा वेबसाइटी नव्या घराला सुरुवातीचे काही दिवस शोधात जरा पुढे दाखवतात, म्हणजे त्यालाही संधी मिळावी. ते मोलाचे दिवस आम्ही काळोखे फोटो आणि बंद तारखा दाखवण्यात घालवले. तयारी पूर्ण होईपर्यंत जाहिरात चालूच करायची नाही, हे आता आम्ही सगळ्यांना सांगतो. अर्धं घर दाखवून कुणी येत नाही.

मग मोठ्या आपाचा मुलगा आला. तो अंधेरीला जाहिरातीच्या व्यवसायात आहे. त्याने फोनवर आमचं पान पाहिलं आणि हसून म्हणाला, "मामू, तुमच्या घराला तारेच नाहीत. लोक येणार कसे?" मग त्याने समजावलं. एअरबीएनबीवर पाहुण्यांचे किमान तीन अभिप्राय आल्याशिवाय घरापुढे ताऱ्यांची सरासरी दिसत नाही. म्हणजे शेजारच्या घराला चाळीस अभिप्राय आणि आपल्या घरापुढे नुसतं 'नवीन'. बघणारा पैसे भरणार कुठे, हे उघड आहे. "खानदानात चाळीस चुलत-मावस भावंडं आहेत," तो म्हणाला. "तिघं बुकिंग करतील, पैसे तुम्ही त्यांना परत करा, तिघं पाच-पाच तारे देतील. दोन आठवड्यांत घर धावायला लागेल."

त्याचं गणित चुकीचं नव्हतं. खोटं कशाला सांगायचं, एक रात्र आम्ही दोघांनी विचार केला. ही मुलं या घरात लहानाची मोठी झाली आहेत. त्यांनी घराची तारीफ केली तर ती मनापासूनच असेल. कुणाचं नुकसान आहे? पण वाचणारा असं समजणार की तीन अनोळखी माणसं पैसे मोजून इथे राहिली आणि खूश होऊन गेली. ते झालेलं नाही. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा प्यारे नबींनी (स.) त्या व्यापाऱ्याला विचारलं होतं, की ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस. ही हदीस आपण सगळ्यांनी मदरशात ऐकलेली आहे. धान्याचा व्यापार आम्ही कधी केला नाही, म्हणून ती आपल्यासाठी नाही असं इतकी वर्षं वाटत होतं. शिवाय वेबसाइटच्या नियमांतही खोटे अभिप्राय चालत नाहीत. पकडलं गेलं तर घर यादीतून जाऊ शकतं.

सकाळी भाच्याला नाही म्हणून सांगितलं. तो रुसला. दुपारी सुरमईचं जेवण झाल्यावर जरा निवळला आणि म्हणाला, "मग ओल वर ठेवू या. सांगा, घरात काय काय खराब आहे?"

तासभर बसून यादी केली, आणि त्या यादीने आमच्या जाहिरातीचं रूप बदललं. समुद्र खोलीतून दिसत नाही, गच्चीवरून दिसतो. बंदर जवळ आहे, म्हणजे मासळीचा वास येतो. पोहायचं तर मुरुड किंवा कर्द्याच्या किनाऱ्यावर जावं लागतं. वीज जाते. शेवटची गल्ली अरुंद, मोठी गाडी वाडीच्या तोंडाशीच लावावी लागते. एका खोलीचा संडास देशी बैठकीचा आहे. आणि मशीद शंभर पावलांवर, त्यामुळे पहाटे अजान ऐकू येते. शेवटच्या मुद्द्यावर आमची मुलगी फोनवरून म्हणाली, "हे लिहायलाच हवं का? आणि आपलं आडनाव तरी कशाला? 'सी ब्रीझ' असं काहीतरी ठेवा, कोणाचं घर ते आल्यावर कळेल."

ती असं का म्हणाली ते आम्हाला समजतं. मुंबईत भाड्याचं घर शोधताना नाव सांगितल्यावर फोन बंद होतो, हा अनुभव तिने दोनदा घेतला आहे. वाचकांपैकी अनेकांनी घेतला असेल. आता भाडेकरूच्या जागी आपण घरमालक होतो, तरी भीती तीच. खूप वेळ वाद झाला. शेवटी आम्ही म्हटलं, जो माणूस घराचं नाव पाहून परतणार आहे तो दारात येऊन परतला तर आपल्याला जास्त लागेल, आणि त्याचाही प्रवास फुकट जाईल. मजकूर असा लिहिला:

"सुवर्णदुर्गाजवळ, हर्णै बंदरापासून चालत दहा मिनिटांवर, कोकणी मुस्लिम कुटुंबाचं जुनं घर. आम्ही दोघं इथेच राहतो. सकाळची न्याहारी भाड्यात. जेवण आधी सांगितल्यास मिळेल: ताजी मासळी, तांदळाची भाकरी, सणावाराला सांदणं. मांस हलाल. शाकाहारींसाठी भांडी वेगळी आहेत. घरात दारू चालत नाही. पहाटे मशिदीची अजान ऐकू येते. पावसाळ्यात वीज जाते. इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, एसी चालत नाही."

नावात 'सुवर्णदुर्ग' आणि 'हर्णै' हे दोन शब्द भाच्याने आग्रहाने पुढे आणले, आणि त्याचा फायदा झाला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात सुवर्णदुर्ग आहे. दुर्गप्रेमी मंडळी तेव्हापासून किल्ल्याच्या नावाने राहायची जागा शोधतात, 'निवांत' या शब्दाने नाही. तसंच हर्णैचा मासळीचा लिलाव. रोज सकाळी आणि दुपारनंतर बंदरावर तो लागतो, आणि पाहायला लांबून लोक येतात. मात्र 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत येणाऱ्याला 'लिलाव दाखवू' असं सांगायचं नाही, हेही लिहून ठेवलं. ज्यांचं घर श्रीवर्धनला आहे, मुरूड-जंजिऱ्याला आहे, बाणकोटला आहे, त्यांनी आपल्या दारापासून काय जवळ आहे त्याचं नाव पुढे आणावं. बाणकोटपासून वेळास जवळ आहे. तिथे कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक येतात आणि गावकऱ्यांच्याच घरी मुक्काम करतात. त्या गावात मोठं हॉटेल नसल्यामुळे कुणाचं अडलेलं नाही.

पाऊस उघडल्यावर भाच्याने नव्याने बावीस फोटो काढले. पहिला पडवीतल्या झोपाळ्याचा, दुपारी पाचच्या उन्हातला. मग खोल्या, पलंग, मच्छरदाणी, गच्चीवरून दिसणारा समुद्र, अरुंद गल्लीही. आणि न्हाणीघर व दोन्ही संडास, स्वच्छ घासून. न्हाणीघराचा फोटो नसला तर कुठलीही बाई बुकिंग करू देत नाही, असं आमच्यातल्या एकीचं ठाम मत आहे, आणि दुसऱ्याने त्यावर वाद घालणं सोडून दिलं आहे. किमान दोन रात्रींची अट काढली. दिवाळीच्या तारखा उघडल्या, शुक्रवारही उघडला. जुमाच्या नमाजेला तासभर दार लोटून गेलं तर पाहुणा काही पळून जात नाही.

भावाचं मात्र थोडं तपशिलात सांगायला हवं, कारण इथे बरीच घरं पाय घसरून पडतात. आमचा दर एका खोलीला रात्री 2,400 रुपये. भाचा म्हणत होता 999 लावा, लोक तुटून पडतील. आम्ही वही काढली. चादरी-टॉवेल धुणं 150, झाडलोट करणाऱ्या ताईंची मजुरी 200, दोघांची न्याहारी 200, वीज 250. झाले 800. वेबसाइटचा वाटा वेगळा. 999 मधून 199 उरले, आणि त्यातून अजून वाटा द्यायचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, अगदी स्वस्त दराला येणारा पाहुणा बहुतेक वेळा घरासाठी येत नाही, दरासाठी येतो. दारूबंदीवर पहिली हुज्जत तोच घालतो. हा अनुभव शेजारच्या एका घराने आम्हाला सांगितला, आणि पुढे एकदा आम्हीही घेतला. एअरबीएनबी नव्या घरांना पहिल्या तीन बुकिंगांवर 20 टक्के सूट द्यायची सोय देते. आम्ही तेवढीच घेतली. 2,400 चे झाले 1,920. तीन बुकिंगांनंतर ती आपोआप संपते आणि दर पुन्हा जागेवर येतो. दर एकदा पाडला की वर नेताना आपल्यालाच संकोच वाटतो, म्हणून ही सोय बरी.

एवढं सगळं करूनही पहिला पाहुणा वेबसाइटवरून आला नाही. दापोलीतल्या जुन्या शेजाऱ्यांचा फोन आला: मुलाला कोकण कृषी विद्यापीठात सोडायला सोलापूरकडचे आई-वडील आले आहेत, दोन रात्रींची सोय होईल का? ही गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. पर्यटक शनिवार-रविवारचा. पण गावात सोमवार ते गुरुवारही माणसं येत असतात. मुलांना भेटायला आलेले पालक, परीक्षेचे पर्यवेक्षक, बदलीवर आलेले साहेब ज्यांचं क्वार्टर अजून मिळालेलं नाही, आणि लग्नघरात न मावणारं वऱ्हाड. त्यांना तारे लागत नाहीत, ओळखीचा एक शब्द लागतो. आम्ही दापोलीतल्या सगळ्या ओळखींना, जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि दोन रिक्षावाल्यांना फोटोसकट निरोप पाठवला. लाजायचं कशाला? दोन खोल्या आहेत आणि त्या भाड्याने द्यायच्या आहेत.

त्या पालकांनी एअरबीएनबीवर अभिप्राय देणं शक्य नव्हतं, कारण बुकिंग तिथून झालंच नव्हतं. पण गुगल मॅपवर घराची नोंद आम्ही केली होती, तिथे त्यांनी चार ओळी लिहिल्या. मॅपची एक गंमत सांगतो. खूण आमच्या घरावर न पडता शेजारच्या वाडीवर पडली होती. सोलापूरचे पाहुणे रात्री नऊ वाजता शेजारच्या चाचांच्या दारात उभे राहिले, आणि चाचांनी त्यांना चहा पाजून मग आमच्याकडे आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी खूण सरकवली. नव्या घरमालकाने स्वतः एकदा मॅप लावून, हायवेपासून आपल्या दारापर्यंत गाडीने येऊन बघावं.

वेबसाइटवरचं पहिलं बुकिंग ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आलं. पुण्याचं जोडपं आणि सात वर्षांचा मुलगा. संध्याकाळी पाच वाजता परतीच्या पावसाची सर आली आणि वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखे चालले, पण पाण्याचा पंप त्यावर चालत नाही, आणि टाकी दुपारी भरायची आम्ही विसरलो होतो. सात वाजता नळ कोरडे. आम्ही दोघांनी विहिरीतून रहाटाने पाणी ओढून बादल्या भरून खोलीत पोचवल्या. चुलीवर पाणी तापवलं. मुलाला रहाट फारच आवडला, पण त्याच्या आईच्या चेहऱ्यावरून आम्हाला सगळं कळत होतं. सकाळी वीज आली. निघताना एका रात्रीचं भाडं आम्ही आपणहून निम्मं केलं. त्या बाई म्हणाल्या, "अहो, राहू द्या." आम्ही म्हटलं, "वीज आमच्या हातात नव्हती, टाकी होती."

अभिप्रायाला तिथे चौदा दिवसांची मुदत असते, आणि दोन्ही बाजूंनी लिहून झाल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय एकमेकांचं लिहिलेलं दिसत नाही. म्हणजे पाहुण्याने काय लिहिलं ते पाहून आपण सूड उगवायची सोय नाही. ते दिवस आम्ही कसे काढले ते विचारू नका. भाचा रोज मेसेज करायचा, "माझं ऐकलं असतं तर." नवव्या दिवशी अभिप्राय आला. चार तारे. लिहिलं होतं की वीज गेली आणि पाणी संपलं, पण घरमालकांनी विहिरीवरून पाणी आणून दिलं, काही लपवलं नाही, पैसेही कमी केले, आणि तांदळाची भाकरी व बांगडा यांसाठी पुन्हा येऊ. अजानबद्दल त्यांनी लिहिलं की मुलाचे बाबा सोडून सगळे जागे झाले. आम्ही त्याखाली उत्तर दिलं: टाकी आता रोज सकाळी भरतो, पंपासाठी छोटा जनरेटर घेतला आहे. जाहिरातीत पाण्याची ओळही वाढवली.

पुढच्या दोन बुकिंगांनी आमची एक समजूत मोडली. दुसरे पाहुणे भिवंडीचे होते, आजी-आजोबांपासून नातवापर्यंत सात जण, दोन्ही खोल्या. त्यांनी सांगितलं की फिरायला निघालं की हलाल जेवणाची खात्री आणि नमाजेला स्वच्छ जागा, या दोन गोष्टींसाठी दरवेळी चार-चार फोन करावे लागतात. आमच्या पानावर ते दोन्ही आधीच लिहिलेलं होतं. आजींसाठी आम्ही खोलीत किब्ल्याची दिशा दाखवणारा छोटा बाण लावला होता आणि जानमाज घडी करून ठेवली होती, एवढ्याने त्या गहिवरल्या. ज्या ओळींनी गिऱ्हाईक पळेल अशी मुलीला भीती होती, त्याच ओळींनी हे कुटुंब आणलं. तिसरा कोल्हापूरचा एकटा मोटरसायकलवाला, एका रात्रीचा, किल्ले पाहत निघालेला. दोन रात्रींची अट असती तर तो आलाच नसता. त्याला आमचं आडनाव काय आहे याच्याशी काही घेणं नव्हतं. त्याला सकाळी सहाला चहा हवा होता.

मुलीची भीती अगदीच खोटीही ठरली नाही. एका गृहस्थांनी तारखा विचारल्या, जेवण विचारलं, मग "तुम्ही मुस्लिम का?" असं विचारलं, आणि आम्ही "हो" म्हटल्यावर पुन्हा काही लिहिलं नाही. असं आजवर एकदाच झालं. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही, हेही लिहून ठेवतो.

आणखी थोडं, घाईघाईने. चौकशीला उत्तर जितकं लवकर तितकं बरं, कारण विचारणाऱ्याने आणखी चार घरांना विचारलेलं असतं. आम्ही नमाजेत किंवा बाजारात असलो तर भाचा अंधेरीहून उत्तर देतो. वेबसाइटवर त्याला सहयजमान म्हणून जोडलं आहे. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र घेऊन वहीत नोंद करायची. पाहुण्याकडे परदेशी पासपोर्ट असेल तर 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, आणि दक्षिण आफ्रिकेहून किंवा लंडनहून आलेले आपलेच कोकणी भाईबंद भाड्याने राहिले तरी तो नियम सुटत नाही. निरोपाला आम्ही आमसुलाची पुडी देतो, ती सगळ्यांनाच. अभिप्रायाचा विषय त्या वेळी काढत नाही; दुसऱ्या दिवशी एक साधा मेसेज करतो.

तिसरा अभिप्राय दिवाळीच्या आठ दिवस आधी आला आणि घरापुढे पहिल्यांदा आकडा दिसला: 4.67. भाच्याच्या योजनेत तो 5 असता. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही खोल्या सहा रात्री भरल्या. ऑक्टोबर ते डिसेंबर मिळून 31 रात्रींचं भाडं जमलं. येत्या रमजानचं कॅलेंडर आम्ही बंद ठेवणार आहोत, रोजे सांभाळून पहाटे न्याहारी रांधणं आमच्या वयाला झेपणार नाही.

डिसेंबरअखेर हिशेब केला. सगळं वजा जाता 24,000 रुपये उरले. आठ भाग, एकेक 3,000. भावांना सहा-सहा, बहिणींना तीन-तीन. मोठ्या आपाने पैसे परत पाठवले नाहीत. तिचा फोन आला.

"माझ्या खोलीत कोण कोण झोपलं?" तिने विचारलं.

आम्ही सांगितलं. पुण्याचे, भिवंडीच्या आजी, कोल्हापूरचा तो मोटरसायकलवाला, सगळे.

"अभ्रे जुने झाले असतील. मी इथून सहा पाठवते, पैसे हिशेबात धरू नका." मग थोडा वेळ काही बोलली नाही. "त्या खिडकीची खालची खिट्टी अजून अडकते का?"

"अडकते," आम्ही म्हटलं. "जाहिरातीत लिहिलं आहे."